माझ्या पोळीत काय मिसळलं होतं

मी संशयी बाई आहे. भाजीवाल्याचा काटा सरळ असला तरी मी खाली वाकून बघते, दूधवाल्याचं माप माझ्या मापाने परत मोजते आणि कोणी फार गोड बोलायला लागलं की याला आपल्याकडून काय हवंय ते आधी शोधते. लातुरात शिकवणीच्या पोरांची खानावळ चालवायची तर असं राहावंच लागतं. आजारपणाबद्दल लिहायला बसले तरी हा स्वभाव मधे मधे येणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आजार तसा लोक हसतील असा. पोट साफ न होणं. गुडघे दुखतात हे आमच्या गल्लीतल्या बाया रस्त्यात उभं राहून सांगतील, पण हे कोणी कोणाला सांगत नाही. मीही सांगितलं नाही, आणि शेवटी नांदेडच्या एका दवाखान्यात नाकात नळी घालून पडले. ज्या कोणाला हे वाचताना स्वतःचं काही आठवेल तिने लाज जरा बाजूला ठेवावी, एवढ्याचसाठी हे लिहिते आहे.

पांढरी पोळी

भूकंपानंतर आम्ही गाव सोडून लातूरला आलो. माझं सासरचं घर तडकलं होतं, पण माणसं वाचली होती. माहेर औसा तालुक्यात. तिथलं घर पुरतं बसलं आणि माझी आई त्यात गेली. हे पुढे सांगेन.

लातूरला ह्यांना एका खताच्या दुकानात काम लागलं. तोवर शहरात शिकवणी वर्गांचं पेव फुटलं होतं. बीड, परभणी, नांदेड, कुठून कुठून पोरं डॉक्टर-इंजिनीअर व्हायला यायची आणि ज्याच्या घराला गच्ची होती त्याने गच्चीवर खोल्या काढल्या. घरमालकाने आमच्याही डोक्यावर काढल्या. खोल्या झाल्या म्हणजे पोरांना जेवण लागणार, म्हणून मी डबे सुरू केले.

पोरगं खानावळीला लावायच्या आधी त्याची आई बघायला यायची. ती भाजी चाखायची नाही, वरणाकडे तर बघायचीही नाही. पोळी उचलायची, उजेडात धरायची, दोन बोटांत चोळायची. पांढरी आणि मऊ असली की तिचा चेहरा खुलायचा. "आमचं लेकरू अभ्यासाला आलंय वो, खरबरीत खाऊन कसं भागंल त्याचं?" मी लगेच ओळखलं की धंदा या पोळीवर चालणार. गिरणीतून पीठ आलं की मी ते मैद्याच्या बारीक चाळणीने चाळायचे. वर राहिलेला कोंडा एक दूधवाला घेऊन जायचा. त्याच्याकडे देवणी जातीच्या गाई होत्या. तुकतुकीत अंगाच्या, रवंथ करत बसलेल्या. त्यांच्या पोटाची काही तक्रार नव्हती.

पोरांना तेच आणि घरालाही तेच. चाळलेल्या पिठाची पोळी, भात, सोललेल्या बटाट्याची भाजी, आणि मला स्वतःला तर कामाच्या गडबडीत चहाबरोबर बिस्किटं पुरायची. भाकरी आमच्या घरात होत नव्हती. ज्वारीचं पीठ मी घरात येऊ देत नव्हते. सुनेने, ज्योतीने, लग्न झाल्यावर एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, मला सोसत नाही. तिला ते पटलं. खरं कारण फक्त ह्यांना माहीत होतं.

त्यात संडास एकच, आमचा आणि वरच्या पोरांचा मिळून. सकाळी पहिल्या वर्गाच्या आधी जिन्यापासून बादल्यांची रांग. मावशी म्हणणाऱ्या पोरांच्या रांगेत मी कशी उभी राहू? थांबायचे. थांबता थांबता पोटातली हाक निघून जायची. रोज हाक मारून कोणी ओ दिली नाही की आतडंही हाक मारायचं सोडतं, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

आणि पाणी. लातूरच्या पाण्याबद्दल मी काय सांगावं! टँकर यायचा, पण तो कुठल्या विहिरीवर भरून येतो हे ड्रायव्हर कधी नीट सांगायचा नाही. एकदा म्हणाला तिकडच्या मळ्यातून, एकदा म्हणाला तळ्यावरून. जो पाण्याचा पत्ता दोन प्रकारे सांगतो त्याचं पाणी मी घोटभरच प्यायचे. पोरांना मात्र उकळून, गाळून द्यायचे.

ओढणीवाल्या काकूंचा अल्सर

कित्येक महिने पोट जड, तोंडाला चव नाही, बसलं की घाम फुटेपर्यंत जोर करायचा. मग एक दिवस रक्त दिसलं.

मी पाणी टाकलं आणि बाहेर आले. ज्योतीने विचारलं, "आत्याबाई, असं का दिसून राहिलं तोंड?" मी म्हटलं, ऊन लागलं.

माझ्या मनात पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू होत्या. त्या ओढण्या विकायच्या. त्यांना कॅन्सर झाला, आणि घरच्यांनी शेवटपर्यंत अल्सर म्हणून सांगितलं. सगळ्या गल्लीला माहीत, फक्त त्यांना माहीत नाही. मी भेटायला गेले की त्या म्हणायच्या, "अल्सर बरा व्हायला टाइम लागतो म्हणे." आणि त्यांच्या मुली माझ्याकडे बघून डोळ्यांनी गप्प राहा म्हणायच्या. मी गप्प राहिले. तेव्हापासून एक भीती डोक्यात बसली होती: आपल्याला असं काही झालं तर आपल्याला शेवटी कळणार.

ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा ह्यांनी जवळच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांचा भाचा माझ्याकडे जेवायचा. डॉक्टरांनी तपासलं आणि मला सोडून ह्यांच्याशीच बोलायला लागले. तिथेच माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. इसबगोल लिहून दिलं, "भरपूर पाण्याबरोबर घ्या" म्हणाले. भरपूर पाणी प्या हे सगळेच डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, त्यात काय एवढं, असं मी धरलं.

आता माझी चूक ऐका. मी इसबगोल चमचाभर तोंडात टाकायचे आणि वर टँकरच्या पाण्याचा एक घोट. गुण येईना म्हणून चमचा वाढवला. तरी येईना म्हणून दूधवाल्यासाठी ठेवलेला कोंडाही कढीत कालवून खायला लागले, कारण तोपर्यंत कोणीतरी सांगितलं होतं की कोंड्याने पोट साफ होतं. पाणी मात्र तेवढंच. सिमेंट कालवताना पाणी कमी पडलं तर काय होतं ते लातुरात कोणाला सांगायला नको. तेव्हा गल्लोगल्ली बांधकामं चालली होती. माझ्या पोटात तसंच झालं. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, खालून वाराही सरेना आणि उलट्या सुरू झाल्या.

मुलगा प्रशांत म्हणाला, "इथंच ॲडमिट करू, सगळे ओळखीचे हायत."

मी म्हटलं, "म्हणूनच न्हाई. नांदेडला चला. जिथं आपल्याला कुत्रं ओळखत न्हाई तिथं."

ओळखीचा डॉक्टर घरच्यांना सांगतो, अनोळखी डॉक्टरला निदान पेशंटकडे बघावं लागतं, असा माझा हिशेब. शेजाऱ्याची जीप ठरवली. अहमदपूरच्या एसटी स्टँडापाशी गाडी थांबवून ह्यांनी पाण्याची बाटली आणली. तशा हालतीतही मी झाकणाचं सील तपासलं. हे कपाळाला हात लावून उभे राहिले.

नळी आणि नजमाआपा

दवाखान्यात काय काय केलं ते सविस्तर सांगत नाही. नाकातून नळी, हाताला सलाईन, खालून एनिमा. लाज नावाची गोष्ट पहिल्याच दिवशी गेली, आणि खरं सांगते, गेल्यावर हलकं वाटलं. ऑपरेशन लागेल की काय, असं त्यांचं चाललं होतं. पण खडा झालेला मळ हळूहळू सुटला. ज्या दिवशी पोट मोकळं झालं त्या दिवशी मी खाटेवर बसून रडले. त्या वेळी मला कोणी सोनं दिलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता.

शेजारच्या खाटेवर नजमाआपा होत्या. नांदेडच्याच, पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणारं घर. त्यांचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. मी सिस्टरने दिलेली प्रत्येक गोळी उलटीसुलटी करून बघते हे त्या बघत होत्या.

"ओ बाई, कित्ता शक करते तुम! गोली बी सोच में पड गई हुंगी."

हसताना त्यांचे टाके दुखले आणि माझं पोट दुखलं. नंतर त्या स्वतःच्या थर्मासमधलं पाणी ओतून आधी स्वतः प्यायच्या आणि मग मला द्यायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. मला एवढीच खात्री लागते हे त्यांनी ओळखलं होतं. मी ते पाणी पूर्ण प्यायचे.

डॉक्टर माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. ते खुर्ची ओढून माझ्याकडे तोंड करून बसले, त्यामुळे मी त्यांचं ऐकून घेतलं. काय खाता म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"चोथा कुठाय यात?" ते म्हणाले. "सालं, कोंडा, पालेभाज्यांचे धागे, कडधान्यं. तंतुमय म्हणतात ते. काहीच न्हाई की तुमच्या खाण्यात."

"चोथ्यात काय असतं? तो पचतो का?"

"न्हाई. तो पचतच न्हाई."

मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "जे पचत न्हाई ते पचनाला उपयोगी कसं?"

ते पहिल्यांदा हसले. "पचत न्हाई म्हणून तर शेवटपर्यंत पोचतो. बाकीचं सगळं आतडं शोषून घेतं, हा राहतो. पाणी धरून ठेवतो, फुगतो, मऊ राहतो. मग आतड्याला ढकलायला काहीतरी हाताशी लागतं. आणि आत जे बारीक जंतू असतात, चांगले, ते यातलंच थोडं खाऊन जगतात. पण पाणीच न्हाई दिलं तर हाच चोथा बूच होऊन बसतो. तुम्ही तेच केलं. आता वाढवायचा तो हळूहळू, आणि पाण्यासोबत."

मला त्यात खोट सापडेना. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी काय खायचात? भाकरी?"

मी भिंतीकडे तोंड केलं. ते उठून गेले.

रक्ताचं कारण बघायला आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायची ठरली. ती झाली. झोपेचं इंजेक्शन उतरत होतं तेव्हा मला दाराच्या फटीतून दिसलं: डॉक्टर, हे आणि प्रशांत बाहेर उभे. हे काहीतरी सांगत होते. बराच वेळ. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. मग ह्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

आमच्या लग्नानंतर मी ह्यांना डोळे पुसताना एकदाच बघितलं होतं, भूकंपाच्या आठवड्यात.

आत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणले?"

"काही न्हाई. सगळं चांगलं हाय. मूळव्याधीचं रक्त हाय म्हणले."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, कागद माझ्या हातात दिला. कागद इंग्रजीत होता. ओढणीवाल्या काकूंच्या हातातही कागद होता.

सगळे फार चांगले वागायला लागले

लातूरला परत आले आणि माझा संशय पक्का होत गेला. त्याला कारणं होती.

पहिलं म्हणजे ज्योतीने मला कणकेला हात लावू दिला नाही. "तुम्ही बसा आत्याबाई, मी हाय ना." डब्यांसाठी बाई ठेवली आणि घरच्या पोळ्या ती स्वतः वेगळ्या करायला लागली. आमच्या पिठाचा डबा खालून उचलून वरच्या फळीवर गेला, जिथे माझा हात पोचत नाही. दळण आणायला प्रशांत जायला लागला, जो कधी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणत नव्हता.

दुसरं म्हणजे माझ्याशी कोणी भांडेना. मी म्हटलं भाजी खारट आहे, तर हे म्हणाले हाव, खारटच हाय. तीस वर्षं संसार केलेला माणूस एका वाक्यात कबूल होतो म्हणजे काहीतरी वाईट आहे.

तिसरं, पाणी. प्रशांतने फिल्टर बसवला आणि मला तो स्वतः उघडून दाखवला. मरणाऱ्या माणसाचा हट्ट पुरवतात तसं मला ते वाटलं.

मी खात मात्र होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मेथी, अंबाडी, सालाची मूगडाळ, मटकी, पेरू. पोळी जरा काळपट यायची, मी विचारलं तर ज्योती म्हणाली, "न चाळता केलंय पीठ." ते बरोबरच होतं. उठल्यावर गरम पाणी पिऊन मी आधी संडासला जायचे. पोरांनी आपण होऊन रांगेत माझा नंबर पहिला केला होता, आणि मी आता लाजत नव्हते. पोट हलकं होत होतं, झोप लागत होती. पण ओढणीवाल्या काकूंनाही मधे बरं वाटलं होतं. त्यामुळे बरं वाटण्यावरही माझा भरवसा नव्हता.

मग दादा आला. माझा थोरला भाऊ.

दादाबद्दल सांगायला हवं, आणि त्याबरोबर ज्वारीबद्दलही. आमच्या माहेरी भिंतीतच बांधलेलं धान्याचं बळद होतं. आई त्याला लागून झोपायची. भूकंप झाला त्या रात्री दादा शेतात राखणीला होता म्हणून वाचला. आई त्याच भिंतीखाली सापडली, आणि फुटलेल्या बळदातली ज्वारी तिच्या अंगावर होती. पुढे ती ज्वारी दादाने ढिगाऱ्यातून काढली, पाखडली, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. मी भेटायला गेले तेव्हा वहिनीने तिचीच भाकरी वाढली. मी घास तोंडात घातला आणि मला तो वास आला. मातीचा, आणि मातीशिवाय दुसरा एक. मी बाहेर जाऊन ओकले. परत आले तर दादा माझ्यासमोर बसून तीच भाकरी कांद्याबरोबर खात होता. एक संपवली, दुसरी मोडली. तोंड वाकडं केलं नाही.

तेव्हापासून मी ज्वारी सोडली, आणि दादालाही मनातून थोडं सोडलं. ज्याला आईच्या अंगावरच्या धान्याची भाकरी गोड लागते तो माणूस कसा असेल, असं मला वाटायचं. रक्षाबंधनाला राखी बांधायचे, ओवाळायचे, पण नजरेला नजर देत नव्हते. त्याचंही माझ्याकडे येणं कमी झालं होतं.

असा दादा न कळवता आला. सोबत पोतं होतं, ते प्रशांतने लगबगीने मागच्या दाराने आत नेलं. दादा माझ्यासमोर बसला. ज्योतीने मला वाढलं. मी जेवत होते आणि दादा माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या ताटाकडे बघत होता. मी पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं दादा?"

"काही न्हाई. जेव माय, जेव तू." आणि उठून अंगणात गेला.

आता कशाला आणखी पुरावा? भाऊ शेवटचं बघायला येऊन गेला. मी त्या दुपारी अंथरुणावर पडून ठरवलं की पैठणी ज्योतीला द्यायची आणि डब्यांचं काम बंद करू नका म्हणून सांगायचं. भीती तर होतीच, पण त्याहून राग होता. माझं मरण माझ्याच घरात सगळ्यांना माहीत आणि मलाच नाही.

वरची फळी

दोन-चार दिवसांनी घरात कोणी नव्हतं. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि फळीवर काही औषधाची बाटली, दुसरा काही कागद लपवलाय का ते शोधायला लागले. काहीच नव्हतं. पिठाचा डबा तेवढा होता. एवढा जपून ठेवलाय म्हणजे यातच असेल, म्हणून झाकण काढून हात घातला.

हाताने लगेच सांगितलं. हजारो पोळ्या केलेला हात आहे माझा. गव्हाचं पीठ मुठीत धरलं की दबतं. हे सुटत होतं. थोडं घेऊन खाली उतरले, पाण्यात भिजवलं, बोटांवर ताणलं. ताणलं गेलं नाही, तुटलं. यात गहू अर्धाच होता.

मी स्टुलापाशी तशीच उभी राहिले. मग पीठ नाकाजवळ नेलं. वास आला नाही. म्हणजे पिठाचा आला, दुसरा नाही.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा डबा मधे ठेवला. "हे काय हाय?"

ज्योतीने ह्यांच्याकडे बघितलं. प्रशांतने फॅनकडे बघितलं.

"ज्वारी हाय," हे म्हणाले. "तुझ्या दादाच्या शेतातली. पहिली प्रशांतनं जाऊन आणली. नांदेडहून आल्यापासून मिसळून राहिलो. आधी चिमूटभर, मग वाढवत."

"आणि कॅन्सर?"

"कसला कॅन्सर?"

"दाराबाहेर रडत होता तुम्ही! मी बघितलंय."

ह्यांना आधी कळेनाच. मग ते खाली बसले. "अगं, डॉक्टरनं विचारलं, बाईनं भाकरी कामून सोडली. मी भूकंपाचं सांगितलं. तुझ्या मायचं सांगितलं. सांगताना आलं डोळ्यांत पाणी, मी काय करू? डॉक्टर म्हणले, मग ज्वारीचा हट्ट धरू नका, न चाळलेला गहू, भाज्या, डाळी, त्यानं बी होतंय. मी हे फोनवर दादाला सांगितलं, तर त्यालाच राहवंना. म्हणला, माझ्या बहिणीनं माझ्या शेतातलं खाल्लं न्हाई इतक्या वर्षांत. थोडी मिसळून बगा. तिला सांगू नका, सांगितलं तर ताट ढकलंल."

"माझी आयडिया होती फळीची," ज्योती हळूच म्हणाली. "माफ करा आत्याबाई."

मला आधी संताप आला. न विचारता मला खाऊ घातलं! मी त्यांना नाही नाही ते बोलले, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात यायला लागलं की मी मरणार नाही. घरात लपवालपवी चालली होती हे मी बरोबर ओळखलं होतं, फक्त लपवलेलं हे होतं. मी बोलायची थांबले आणि तोंडावर पदर घेऊन रडले. ज्योती पाठीवरून हात फिरवत बसली. हे म्हणत होते, "बगा, बगा, आता रडून राहिली."

फोन

दुसऱ्या दिवशी मी नुसत्या ज्वारीचं पीठ घेतलं. परातीत गरम पाणी घालून मळलं. वाटलं होतं हात विसरला असेल. पहिली भाकरी चिरली, दुसरी थापली गेली. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, उलटली, आरावर धरली तेव्हा ती टम्म फुगली. आई अशा वेळी भाकरीवर हलकेच दोन बोटं आपटायची. मीही आपटली.

आधी हुंगली. मग मोडली आणि खाल्ली. अर्धी झाल्यावर उठून दादाला फोन लावला.

"दादा, भाकरी खाल्ली. तुझ्या ज्वारीची. उघड उघड."

मग दादाने विचारलं, "वास आला का?"

मी चमकले. ही गोष्ट मी ह्यांच्याशिवाय कोणाला सांगितली नव्हती. "तुला कोणी सांगितलं वासाचं? ह्यांनी?"

"कोण सांगंल? मलाच यायचा की."

"तुला?"

"मंजे काय. ती ज्वारी सरेस्तोवर आला. रोज आला."

"मग तू माझ्यासमोर दोन दोन भाकरी..."

"मायनं भरून ठिवलेली ज्वारी व्हती गं ती. तिच्या हातची शेवटची. टाकू कशी? आन् तू समोर बसली व्हतीस. मी बी उठून ओकायला गेलो असतो तर तुला धीर कोण दिला असता?"

त्याच्याकडे कुठेतरी गाय हंबरत होती ती ऐकू येत होती.

शेवटी मी म्हटलं, "पुढच्या वेळी येशील तर पोतं पुढच्या दाराने आण. आणि जेवायला थांब, मी थापते."

"हाव," तो म्हणाला. "येतो."

फोन ठेवला आणि ताटाशी येऊन बसले. उरलेली अर्धी भाकरी गार झाली होती. मी ती सगळी खाल्ली, आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. फिल्टरपर्यंत उठून गेले नाही. समोरच्या माठातलं होतं, टँकरचं.